भीमेचे 1960 च्या आधीचे नकाशे लोकांना बघू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्या वर्षी भीमेवरचं उजनी धरण खोल मायनसमध्ये जातं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीच्याही बरंच खाली उतरतं, त्या वर्षी पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं. मग तुमच्या पेपरला फोटो येतात, मोबाइलवर ड्रोनचे व्हिडिओ फिरतात, शनिवार-रविवारी पुण्याकडच्या गाड्यांची रांग लागते. चांगलंच आहे, लोकांनी यावं, बघावं. पण इतके लोक येऊन जातात आणि एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही, की या मंदिराच्या चारी बाजूंना काय होतं? पेठ कुठपर्यंत होती, ओढा कुठून येऊन नदीला मिळत होता, गाडीवाट कुठून उतरत होती, मळ्यांच्या विहिरी कुठे होत्या? मंदिर दगडी म्हणून टिकलं, बाकी मातीची घरं गेली, आणि ज्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलंय ती माणसं आता एकेक करून जातायत.

या प्रश्नाचं उत्तर कागदावर आहे, आणि तेही आपल्याच सरकारच्या कागदावर. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधी सर्व्हे ऑफ इंडियाने या सगळ्या भीमाकाठाची मोजणी करून एक इंचाला एक मैल या मापाने नकाशे छापले होते. ते जुने नकाशे जसेच्या तसे स्कॅन करून सगळ्यांना फुकट बघायला मिळावेत एवढी एकच मागणी आहे, आणि ती का करतोय हे जरा सविस्तर लिहितो, जागा द्यावी ही विनंती.

मी भूगोल शिकवणारा माणूस, आता रिटायर आहे. आमचं गाव धरणात उठलं तेव्हा मी शाळेत होतो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता पुस्तकातला नाही हे आधीच सांगतो.

बऱ्याच जणांना माहीत नाही, पण मोजणीच्या इतिहासात आमच्या इंदापूर तालुक्याचं नाव मोठं आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून 1827 ते 1830 च्या दरम्यान पहिली मोजणी करून घेतली, ती फसली. आकडे कागदावर फार बारीक होते पण जमिनीशी जुळत नव्हते, सारा इतका बसला की लोकांनी जमिनी पडीक टाकल्या आणि कित्येक जण निजामाच्या मुलखात निघून गेले. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापूर तालुका घेतला आणि इथे नव्याने मोजणी करून 30 वर्षांसाठी सारा ठरवून दिला. पुढे हीच पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आज आपण सहज म्हणतो ना, सर्व्हे नंबर अमुक, तो सर्व्हे नंबर घालायची नीट पद्धत आमच्या या कोरडवाहू, दुष्काळी तालुक्यात बसली. मोजायची साखळी होती 33 फुटांची, तिचे 16 आणे, एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 33 गुणिले 33, म्हणून गुंठ्याचे 1089 चौरस फूट येतात आणि 40 गुंठ्यांचा एकर. आज पुण्यात प्लॉट घेणारा माणूस 1089 चा हिशोब करतो तो त्या साखळीचाच हिशोब आहे, पण हे शाळेत कुणी सांगत नाही, मीही नोकरीची पहिली कित्येक वर्षं सांगत नव्हतो कारण पुस्तकात नव्हतं.

ही झाली महसुलाची मोजणी, शेताची आणि बांधाची. तिच्यात डोंगर किती उंच, नदीचा काठ किती खोल, हे येत नाही. त्यासाठी दुसरं काम चाललं होतं, त्रिकोण टाकत जाण्याचं, म्हणजे लांबलांबच्या तीन-तीन टेकड्या एकमेकींशी जोडून अंतर आणि उंची काढत जाण्याचं. लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासला सुरू केलं आणि तो उत्तरेकडे सरकत सरकत आला तो 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे, वर्धा जिल्ह्यात. म्हणजे सगळ्या भारताची मोजणी ज्याने मांडली तो माणूस महाराष्ट्राच्या मातीत आहे आणि आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? त्याच्यानंतर एव्हरेस्ट आला, ज्याचं नाव शिखराला आहे. बिदरकडच्या भागातून पश्चिमेला मुंबईपर्यंत जी त्रिकोणांची ओळ टाकली ती दख्खनच्या पठारावरून टेकडी ते टेकडी करत आली, 1820 च्या दशकात सुरू झालेलं ते काम संपायला 1840 च्या आसपास उजाडलं. मध्ये माणसं तापाने गेली, साहेब बदलले, पण काम सोडलं नाही.

या त्रिकोणांच्या आधारावर मग तपशिलाचे नकाशे झाले. 1905 च्या सुमाराला सर्व्हे ऑफ इंडियाने ठरवलं की आता सगळ्या देशाचे नवे नकाशे करायचे, रंगीत, कॉन्टूर म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा टाकलेले, एक इंचाला एक मैल. आज ज्याला आपण टोपोशीट म्हणतो तिची ही सुरुवात. पाणी निळं, कॉन्टूर तपकिरी, लागवड पिवळी, जंगल हिरवं, गावं आणि रस्ते लाल, बाकी काळं. काम कसं व्हायचं तर तिपाईवर लाकडी फळी, तिच्यावर कागद ताणून बसवलेला, वर एक पट्टी जिच्यातून लांबची खूण बघायची. सर्व्हेअर टेकडीवर उभा राहणार, आधीच मोजलेल्या दोन-तीन शिखरांकडे बघून कागदावर स्वतःची जागा काढणार, मग तिथून दिसेल ते देऊळ, ते झाड, तो ओढ्याचा वळसा, एकेक कागदावर आणणार. कॉन्टूरसुद्धा तिथेच उभं राहून समोरची जमीन बघत काढायचे. खलाशी, म्हणजे सर्व्हेअरच्या हाताखालची माणसं, फळी आणि तिपाई खांद्यावर घेऊन पुढच्या टेकडीवर चालत. उन्हातान्हात. त्या खलाशांची नावं नकाशावर कुठेच नाहीत, पण आपल्या नद्यांचे नकाशे त्यांच्या पायांवर उभे आहेत असं मला मनापासून वाटतं.

आता या शीटचे नंबर सांगतो म्हणजे ज्यांना शोधायचं त्यांना शोधता येईल. महाराष्ट्राचा हा सगळा भाग 47 नंबरात येतो, 72 ते 76 रेखांश आणि 16 ते 20 अक्षांश. त्याचे ए पासून पी पर्यंत 16 भाग आणि परत प्रत्येकाचे 16. पुणे शहर येतं 47 एफ/14 मध्ये. भिगवण 47 जे/15 मध्ये, पळसदेवचा भाग 47 जे/16, करमाळा 47 एन/3, आणि इंदापूर नि उजनीचं धरण 47 एन/4. एक शीट म्हणजे 15 मिनिटं गुणिले 15 मिनिटं, आपल्या इकडे साधारण 28 किलोमीटर गुणिले 26 किलोमीटर, सव्वासातशे चौरस किलोमीटरचा तुकडा. म्हणजे आठ-दहा शीटमध्ये दौंडपासून नीरा नरसिंहपूरच्या संगमापर्यंतची सगळी नदी येते. फार मोठं काम नाही हो हे, आठ-दहा कागद आहेत.

मला यातली एक जुनी शीट बघायला मिळाली ती पाटबंधारेमधून रिटायर झालेल्या एका ड्राफ्ट्समनच्या घरी. मागे कापड चिकटवलेलं, घड्यांवर झिजलेली. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि मला म्हणाले, तुमचं गाव शोधा. मी सवयीने निळा मोठा भाग शोधायला लागलो आणि नकाशात निळा मोठा भागच नव्हता. नदीची पात्राची रेघ, तिच्यात उन्हाळ्यातली बारीक निळी धार, काठाला तुटक तुटक खाचा म्हणजे ओघळी पडलेली जमीन, दोन्ही काठांना गावं अगदी समोरासमोर, आणि एका काठाच्या गावातून दुसऱ्या काठाच्या गावाकडे तुटक रेघेची गाडीवाट सरळ पात्रातून गेलेली. पुणे-सोलापूरची जुनी रेल्वे लाइन डिकसळच्या पुलावरून भीमा ओलांडून करमाळ्याच्या बाजूला गेलेली. तो पूल इंग्रजांच्या काळातला, रेल्वे इकडून 1858 ते 1860 मध्ये आली, धरण झाल्यावर लाइन हलली आणि त्याच जुन्या रेल्वेच्या पुलावरून पुढे आमच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या जात राहिल्या. नकाशात बघितलं की कळतं की तो पूल तिथेच का बांधला असेल, आज नुसतं पाणी बघून कळत नाही.

मग त्यांनी जे दाखवलं ते मी आजपर्यंत विसरलो नाही. उजनी पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी 496.83 मीटर असते, हा आकडा आमच्याकडे लहान पोरालासुद्धा पाठ आहे कारण पावसाळ्यात रोज पेपरला येतो. त्याचे फूट करा, बरोबर 1630 येतात. जुन्या शीटवर कॉन्टूर 50-50 फुटांवर आहेत, त्यामुळे 1600 ची रेघ आहे, 1650 ची आहे, 1630 ची नाही. त्यांनी ट्रेसिंग पेपर ठेवला आणि पेन्सिलने दोन रेघांच्या मधून, 1650 च्या थोडं अलीकडून, एक रेघ ओढत नेली. ओढ्याच्या खोबणीत रेघ आत आत जायची, टेकाडाला वळसा घालून परत यायची. हळूहळू कागदावर उजनीचा तोच आकार तयार झाला जो आपण आज गुगल मॅपवर बघतो, बोटांसारखे फाटे फुटलेला. आणि त्या रेघेच्या आत जी जी गावं होती ती मी एकेक करून मोठ्याने वाचली. पळसदेव, केत्तूर, वांगी. धरण बांधायच्या कितीतरी आधी ही रेघ त्या नकाशात होती, फक्त कुणी ओढली नव्हती. ज्या इंजिनिअरांनी धरणाची जागा ठरवली त्यांनीही सुरुवात अशाच कागदांवरून केली असणार, बारीक मोजणी नंतर.

मी हे वर्गात करून घ्यायचं ठरवलं तेव्हा अडचण सुरू झाली. मूळ शीट त्या गृहस्थांची, जुनी, नाजूक, ती शाळेत न्यायची माझी हिंमत नव्हती. म्हणून विकत घ्यायला एका सरकारी कार्यालयात गेलो, तिथे सांगितलं की जुनी आवृत्ती नाही, नवीन शीट घ्या. नवीन शीट चांगलीच आहे, 1:50,000 ची, 20 मीटरचे कॉन्टूर, पण तिच्यात धरण आहे! 480 ची रेघ पाण्याखाली, 500 ची पाण्याच्या वर, आणि मधे सगळं निळं. माझा प्रश्नच निळ्याच्या खाली काय आहे हा आहे, तर मला निळं दाखवून काय उपयोग. कर्मचारी चांगले होते, त्यांच्याकडे नव्हतंच तर ते कुठून देणार, माझा राग त्यांच्यावर नाही. जुनी आवृत्ती ही निरुपयोगी झालेली आवृत्ती असं जे आपण धरून चाललोय त्यावर आहे.

कुणी म्हणेल की हे सगळं आठवणींसाठी आहे. आठवणींसाठी आहेच, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, अख्खं गाव पाण्यात दिलेल्या माणसांना आपल्या गावाचा नकाशा मागायचा हक्क आहे. धरणाचं पाणी सोलापूरला गेलं, पंढरपूरला गेलं, कारखान्यांना गेलं, ऊस वाढला, आमच्याच भागात केळी आली, सगळं मान्य. एकूण 117 टीएमसीचं धरण, त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. ज्यांच्या जमिनी त्या मृतसाठ्याच्या अगदी तळाला गेल्या त्यांच्या जमिनी कधीच वर येत नाहीत, कितीही मायनस होऊ दे. त्यांच्या नातवंडांना आपलं मूळ गाव बघायचं तर नकाशाशिवाय दुसरा रस्ताच नाही.

पण आठवणींच्या पलीकडेही फार कामं आहेत. पहिलं म्हणजे ओढे. जुन्या शीटवर प्रत्येक ओढा, प्रत्येक ओघळ काढलेली आहे कारण सर्व्हेअर चालत गेला होता आणि त्याला ती ओलांडावी लागली होती. आज तेच ओढे बुजवून प्लॉट पडलेत, मंगल कार्यालयं झालीत, रस्ता वर उचललाय आणि खाली एक पाइप टाकलाय. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं वाहून गेली, ते पाणी शेवटी मुठेत आणि मुठेतून भीमेतच येतं, त्यामुळे मी पुण्याला परकं धरत नाही, पुणे भीमेच्याच खोऱ्यात आहे. त्या दिवसांत सगळे विचारत होते की ओढ्याची मूळ रुंदी किती, वळण कुठे, कुणी हलवलं. 47 एफ/14 ची 1960 च्या आधीची शीट प्रत्येक सोसायटीच्या चेअरमनच्या मोबाइलवर असती तर फ्लॅट घेतानाच माणसाने विचारलं असतं ना, की या बिल्डिंगच्या खाली निळी रेघ का आहे? नदीला निळी आणि लाल पूररेषा आखतात, निळी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, त्या रेषांवरून भांडणं होतात, कोर्टात जातात. लहान ओढ्याला तर कित्येक ठिकाणी रेषाच नाही. तिथे जुना नकाशा हा साक्षीदार आहे, आणि असा साक्षीदार की ज्याचा आजच्या कुठल्याच प्लॉटमध्ये हितसंबंध नाही.

दुसरं, विहिरी. जुन्या नकाशात विहिरींच्या खुणा आहेत. आमच्याकडे कुठे पाणी लागतं कुठे नाही यावर लाखो रुपयांची बोअर मारली जातात, कुणी नारळ घेऊन येतो कुणी मशीन घेऊन येतो. शंभर वर्षांपूर्वी जिथे विहिरी दाटीने होत्या तिथे खाली काहीतरी कारण होतं, एवढं तरी माणसाला फुकट कळायला हरकत काय आहे. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नकाशांची तुलना केली तर बागायत कशी सरकत गेली ते दिसेल, हा एका पोराचा पीएचडीचा विषय आहे, पण कागद मिळाले तर.

तिसरी गोष्ट राज्याच्या हद्दींची. 1956 च्या आधी भीमा-सीनेचा हा पट्टा एका सरकारच्या हाताखाली नव्हता. इंदापूर, करमाळा, माढा मुंबई इलाख्यात, सीनेच्या पलीकडे परांडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, खाली अक्कलकोटचं वेगळं संस्थान. 1948 ला हैदराबाद भारतात आलं, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. महसूलाचं दप्तर या प्रत्येक सरकारचं वेगळं, भाषा वेगळी, माप वेगळं, कुठे मोडी कुठे उर्दू. पण टोपोशीट हद्दीवर थांबत नव्हती, सर्व्हेअर सीना ओलांडून पलीकडे जायचा आणि त्याच फळीवर पलीकडचंही काढायचा. म्हणून नदी खोरं म्हणून अख्खी बघायची असेल, उगमापासून हत्तरसंग कुडलच्या सीना-भीमा संगमापर्यंत (जिथे शके 940 चा मराठी शिलालेख आहे, जाऊन बघा), तर राज्य होण्याच्या आधीचा इतका सलग कागद मला दुसरा माहीत नाही. पाण्याच्या वाटपाची भांडणं आपण लवादात लढलो, बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यात महाराष्ट्राला 560 टीएमसी दिलं, त्यात भीमाही आली, पण पाणी जिथून वाहतं त्या जमिनीचं चित्र सामान्य माणसापर्यंत कधी आलंच नाही.

आता जगाकडे बघू. अमेरिकेत ॲरिझोना 1912 मध्ये राज्य झालं. त्याच्या आधी, 1902 च्या सुमाराला, मॅथेस नावाच्या सर्व्हेअरने कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यनची मोजणी सुरू केली, तशीच फळी आणि तिपाई घेऊन, आणि त्या शीटपैकी एकीचं नाव चक्क विष्णू आहे कारण तिथल्या एका शिखराला आधीच्या भूगर्भशास्त्रज्ञाने विष्णूचं नाव दिलं होतं. ती विष्णू शीट आज तुम्ही इंदापुरात बसून मोबाइलवर फुकट उतरवून घेऊ शकता. त्यांच्या सर्व्हे खात्याने 1884 पासूनचे सगळे जुने टोपो नकाशे स्कॅन करून टाकलेत, सगळ्या आवृत्त्या, चुका असलेल्याही. म्हणजे परक्या देशातली, राज्य होण्याआधीची नदी मला घरबसल्या दिसते आणि माझ्या घरामागची नदी दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

त्याहून वाईट दुसरं. आपल्याकडचे ट्रेकर लोक कित्येक वर्षं जे जुने नकाशे वापरतात ते अमेरिकन आर्मीचे आहेत, 1955 च्या आसपासचे, अडीच लाखाच्या मापाचे, टेक्सासच्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने ते फ्री ठेवलेत. त्यात भीमा आहे, धरणाच्या आधीची. पण माप लहान असल्यामुळे गाव म्हणजे एक ठिपका, विहीर नाही, ओढे निम्मे नाहीत. ते नकाशे मुळात आपल्याच मोजणीवरून उतरवलेले. परक्या सैन्याने आपल्या नकाशावरून केलेली लहान कॉपी जगभर खुली आणि आपला मूळ मोठा नकाशा आपल्यालाच मिळत नाही, हे कुठल्याही सरकारला शोभत नाही, मग ते कुठल्या का पक्षाचं असेना.

सुरक्षेचं कारण सांगायचे ते दिवसही आता गेले. 2005 च्या नकाशा धोरणात लष्करासाठी वेगळी मालिका आणि लोकांसाठी वेगळी मालिका झालीच होती, 2017 पासून लोकांची मालिका ऑनलाइन मिळायला लागली, आणि 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांवरची बंधनं बरीच सैल केली, आता तर खासगी कंपन्या गल्लीबोळ मोजतायत. सॅटेलाइटवर माझ्या अंगणातली दोरी दिसते. मग 1930 च्या किंवा 1940 च्या शीटवरच्या गाडीवाटेत, जी आज 40-50 फूट पाण्याखाली आहे, तिच्यात गुपित काय उरलं?

एक तांत्रिक गोष्ट जाणकारांसाठी लिहितो कारण हे काम अर्धवट होऊ नये. नुसती स्कॅन टाकून भागणार नाही, आजच्या जीपीएसशी जुळवून द्यावी लागेल. जुने नकाशे एव्हरेस्टने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत आणि आजचं जीपीएस वेगळ्या आकारावर चालतं, त्यामुळे जुनी शीट आजच्या नकाशावर ठेवली की थोडी सरकते. आणि 1905 च्या आधीच्या नकाशांत तर अजून मोठा घोळ आहे, मद्रासच्या वेधशाळेचा रेखांशच चुकीचा धरला होता, 2 मिनिटं 27 सेकंदांचा फरक, आपल्या अक्षांशावर तो चार किलोमीटरच्या वर जातो. ज्याला हे माहीत नाही तो जुन्या नकाशावरून आपलं गाव शेजारच्या शिवारात शोधत बसेल आणि नकाशा खोटा म्हणून सोडून देईल. ही दुरुस्ती करणारी माणसं खुद्द सर्व्हे ऑफ इंडियात आहेत, पुण्यात आहेत, विद्यापीठात जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, शिकणारी पोरं आहेत, त्यांना हे प्रोजेक्ट म्हणून दिलं तर ती आनंदाने करतील.

तर मागणी अशी की केंद्राच्या सर्व्हे ऑफ इंडियाने आणि आपल्या राज्य सरकारने मिळून सुरुवात भीमेपासून करावी, 1 मे 1960 च्या आधीच्या जितक्या आवृत्त्या दप्तरात आहेत तितक्या सगळ्या स्कॅन करून वेबसाइटवर टाकाव्यात, आधार-बिधार न मागता. गावांची नावं मराठीत शोधता यावीत, कारण इंग्रजी स्पेलिंगवरून आमच्या म्हाताऱ्यांना गाव सापडणार नाही. आणि ज्या तालुक्यांत गावं बुडाली तिथल्या वाचनालयात आणि पुनर्वसित गावठाणांच्या शाळांत त्या त्या शीटची मोठी प्रिंट भिंतीवर लावावी. यातलं शेवटचं काम तर जिल्हा परिषद उद्या करू शकते, त्याला धोरण नको. भीमेचं झालं की मग कोयनेचं करा, जायकवाडीचं करा, तिथेही हीच कथा आहे, पैठणच्या नाथसागराखाली गोदावरीचा किती मुलूख गेला ते तिकडच्या लोकांना विचारा.

मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी बोट उलटून सहा जण गेले तेव्हा बाहेरच्या लोकांनी विचारलं की एवढ्या पाण्यातून लोक बोटीने जातातच कशाला. जुन्या शीटवर बघा, दोन्ही काठांची गावं एकमेकांच्या किती जवळ आहेत. त्यांची सोयरीक, बाजार, देव सगळं पलीकडच्या काठाला होतं आणि ते पाणी आल्यावर तुटलं नाही, फक्त मधलं अंतर वाढलं. पुलाची मागणी करणाऱ्याला हा कागद हातात धरून बोलता आलं पाहिजे, नुसतं आमचं म्हणणं ऐका म्हणून नाही.

शेवटी तुमच्या वाचकांना एक विनंती. पाटबंधारे, भूमी अभिलेख, रेल्वे, बांधकाम खातं, इथून रिटायर झालेल्या किती तरी लोकांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत जुनी शीट गुंडाळून पडलेली असणार. घर साफ करताना ती रद्दीत देऊ नका. परत घडी घालू नका, गुंडाळी करून ठेवा, लॅमिनेशन अजिबात करू नका, खराब होते. झेरॉक्सवाल्याकडे मोठा स्कॅनर असेल तर अख्खी स्कॅन करा, आणि मार्जिन कापू नका, मोजणीचं साल आणि छपाईचं साल तिथेच खाली छापलेलं असतं, ते नसेल तर नकाशाचा अर्धा उपयोग जातो. स्कॅन जवळच्या शाळेला, वाचनालयाला द्या. 47 जे/16 ची 1960 च्या आधीची स्वच्छ प्रत कुणाकडे असेल तर संपादकांमार्फत कळवावं, मी स्वतः येऊन स्कॅन करून घेईन आणि मूळ प्रत तिथल्या तिथे परत देईन.

आपला,
एक रिटायर भूगोल शिक्षक
ता. इंदापूर, जि. पुणे